इंजिनाजवळची जागा

प्रिय दादा,

आधी तुझ्या जहाजावरच्या कारकूनकाकांना नमस्कार. काका, हे पत्र त्याला वाचून दाखवताना एकही ओळ गाळू नका. माझी लाज निघेल अशी ओळ आली, तरीही.

दादा, बाबांनी मोटारबोट घेतली. हसू नकोस. जुनीच आहे, पांढरी, पाच जणांची. शिडाची होडी आहेच. कारखान्यात सुतारकामाला जाताना ते रोज तिच्यावरून हात फिरवतात. पण आता धक्क्याला तिच्याशेजारी ही बांधलेली असते. रविवारी घरच्यांना फिरवायला घेतली, म्हणतात. आईला गुडघ्यांमुळे शिडाच्या होडीत बसवत नाही, हे खरंच. पहिल्याच फेरीत आई कानांत बोटं घालून म्हणाली, "जन्मभर वाऱ्याची वाट बघायला लावलीत, आता कानठळ्या बसवा!" बाबा चक्क हसले. आणि याच माणसानं तुला म्हटलं होतं, "होडीला इंजिन लावायचं तर आधी मला खाली उतरव." तू म्हणालास, "मीच उतरतो."

तू गेल्यापासून शिडाची होडी दोनदाच बाहेर पडली. सुकाणू बाबांकडे, दोर माझ्याकडे. वारा फिरला की तू न सांगता दोर सैल सोडायचास. मला बाबा "सोड" म्हणाले, तरी मी आधी सोडू का, किती सोडू, याचा विचार करत बसते. तोवर होडी कलते. ते रागावत नाहीत, तेच जास्त लागतं. मागे त्यांनी दोर बदलला, पण तू मारलेली गाठ तेवढी कापून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. येता-जाता मी तिला हात लावते.

मोटारबोटीत इंजिनाजवळची जागा ते रिकामी ठेवतात. मी बसायला गेले तर म्हणाले, "तिथं नको. इंजिन कळणारं माणूस बसेल." आपल्या घरात असं माणूस एकच.

आता लाजेची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी तुझं पहिलं पत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटी. शेवटी तू लिहवून घेतलं होतंस, "बाबा ये म्हणाले तर त्याच दिवशी निघेन. पण आधी त्यांनी म्हणायला हवं." बाबा तापातून नुकते उठले होते. अट ऐकून भडकतील, सगळंच तुटेल, या भीतीनं मी ती ओळ गाळली. बाबांनी विचारलं, "यायचं काही लिहिलंय?" मी नाही म्हणाले. उद्या सांगू, परवा सांगू, करत राहिले. तुझी पत्रं दोन-दोन ओळींची झाली. तू तिकडे वाट बघत होतास, ते इकडे. मध्ये मी, शिकलेली.

काल बाबांनी ते पत्र पेटीतून काढलं. "परत वाच," म्हणाले, "मागच्या वेळी काहीतरी ऐकायचं राहिलं असेल." मी गाळलेल्या ओळीसकट सगळं वाचलं आणि रडू लागले. ती ओळ कुठली, असं विचारत त्यांनी भलतीकडेच बोट ठेवलं. मी ते उचलून नेमक्या ओळीवर ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते हलवलं नाही. मग म्हणाले, "लिही." मी पेन घेऊन बसले, पण त्यांनी एकच शब्द सांगितला. वरचं सगळं माझं आहे, हा शब्द तेवढा त्यांचा: ये.

तुझीच,
ओळ गाळणारी मास्तरीण