छत्रीवाल्याची दुसरी बाजू

प्रिय बाई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं ते गोल, सुटं सुटं अक्षर बघूनच ओळखलं की हे बालवाडीतल्या बाईंचं. माझी लेक तुझ्या वर्गात होती तेव्हापासून तुला ‘बाई’ म्हणते. तू पुढे तिच्या बापाशी लग्न केलंस तरी तिचं ‘बाई’ काही सुटलं नाही, म्हणून मीही तेच म्हणणार. पहिल्यांदाच लिहितेय आणि थेट ‘तू’वर आलेय, राग मानू नकोस. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, आणि जुन्या भाषेत बोलायचं तर तू माझी सवत. सवतीला कुणी ‘आपण’ म्हणतं का?

त्याला अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. उजवा हात हळूहळू परत येतोय, पण तोंडातून अजून एक शब्द नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाली की बोलणं गेलं तरी तोंडपाठ गाणं कधी कधी आत शिल्लक असतं, त्याचं आवडतं काहीतरी वाजवून बघा. आणि तू कपाट उघडलंस तर समोर दीडशे रेकॉर्ड्स, सगळ्या इंग्रजी, तुझ्या शब्दांत ‘सगळा आरडाओरडा’. त्यातली कोणती लावू, असं तू मला विचारलंस. अगदी योग्य माणसाला विचारलंस. नवरा पारखण्यात माझी चूक झाली असेल, रॉकची रेकॉर्ड पारखण्यात आजवर झालेली नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तो फोन बाजूला ठेव. फोनवर रॉक ऐकणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं. माळ्यावरचा प्लेअर खाली काढ, स्पीकर जमिनीवर ठेवू नकोस, स्टुलांवर ठेव. आमच्या घरी एकच नियम होता, बाजू सुरू केली की संपेपर्यंत ऐकायची. मधलंच आवडतं गाणं उचलून लावायचं नाही. ज्यांनी अल्बम केला त्यांनी गाण्यांचा क्रम काहीतरी विचार करून ठरवलेला असतो. तू तरी मुलांना वर्गात शिरल्या शिरल्या डबा उघडू देतेस का?

सुरुवात ‘पत्र्याची शेड’पासून कर. खरी नावं कव्हरवर छापलेली आहेत, पण ती आम्ही घरात कधी वापरली नाहीत. कव्हरवर जे चित्र असेल त्यावरून बारसं व्हायचं आणि तेच नाव चालायचं. तर गंजलेली शेड आणि तिच्यापुढे चार केसाळ, उपाशी दिसणारी माणसं, अशी ती शोध. पहिलं अर्धं मिनिट नुसते ड्रम आहेत. मग बेस येतो, जमिनीतून आल्यासारखा, तळपायांना आधी कळतो. त्यानंतर कुठे गिटार. तो यावर हातातल्या पान्याने टेबल बडवायचा. त्याचा डावा हात चांगला चालतो म्हणतेस ना, मग हाताशी एखादा पत्र्याचा डबा दे आणि गंमत बघ.

‘तीन खुर्च्या’ मात्र तुझ्यासाठी. तू लिहिलंस की मला यातलं काही कळत नाही. खोटं आहे. चाळीस पोरांना एका सुरात गायला लावणारीला गाणं कळत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. या अल्बममध्ये एक बाई गाते. आवाज असा की कुणाशी तरी कडाकडा भांडून, तोंड धुऊन, नुकतीच माइकसमोर आलीय. ती कुठे मुद्दाम सूर सोडते आणि पुढच्या ओळीत कसा अलगद पकडते, ते तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. मला ते कळायला दोन वर्षं लागली होती. ही एकटीने ऐक, तो झोपला असताना.

‘मैदान’ लाव, पण शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. प्रत्यक्ष कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला अल्बम आहे, लोकांचा गलका गाण्यांइतकाच सुरेल आहे आणि आवाज मोठा ठेवल्याशिवाय त्यात जीव नाही. शेजाऱ्यांना नाही सांगितलंस तर ते आपणहून येतील, तेवढीच ओळख होईल. ‘धुकं’ मात्र चुकूनही लावू नकोस. दोन रेकॉर्ड्सचा अल्बम, प्रत्येक बाजूला एकच गाणं, गिटार वीस वीस मिनिटं रवंथ करते. ती माझी सगळ्यात आवडती, वाटणीत त्याच्याकडे गेली. तिसऱ्या मिनिटाला तो सोफ्यावर घोरायला लागायचा आणि मी त्याला हलवून उठवायची. आपल्याला आवडतं ते दुसऱ्याला आवडलंच पाहिजे, या हट्टापायी अकरा वर्षं त्याला ते ऐकवलं. आमचं लग्न मोडायचं ते एक कारण समज. बाकीची कारणंही साधारण याच जातीची होती.

तू त्याला भेटलीस तेव्हा तो शांत, मोजकं बोलणारा माणूस होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा राहून गात होता. आमची दातांची लॅब पाचव्या मजल्यावर. मी दिवसभर कवळ्या घडवायची आणि कोपऱ्यात प्लेअर चालू. लिफ्टच्या जाळीमागून कुणीतरी माझ्याच रेकॉर्डबरोबर गात होतं, सूर दर ओळीला घसरत होता, पण ठोका एकही चुकत नव्हता. लिफ्ट तासाभरात दुरुस्त झाली असती, त्याने दोन दिवस लावले. बोलायला लागला की चौथ्या शब्दाला गाडी अडायची, गायला लागला की थांबवावं लागायचं. म्हणून थेरपिस्टचं म्हणणं मला चटकन पटलं. शब्द त्याच्याकडे कधीच फार नव्हते, गाणी मात्र भरपूर होती.

आता तू पत्राच्या शेवटी, जवळजवळ माफी मागत, जे लिहिलंस त्याबद्दल. लेकीने फोनवर ‘छत्रीवाला’ लावला, कोरड्या पोहण्याच्या तलावात छत्री घेऊन उभा असलेला माणूस, तोच ना? पहिली बाजू त्याने खुशीत ऐकली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात मात्र एकाएकी ताठ झाला, मान वळवली, ओठ घट्ट मिटून उघडायला बघू लागला, आणि मग पलंगावर हात आपटून रडायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच जागी. लेक घाबरली. गाण्याने बाबांना त्रास होतो, सगळं बंद करू या, असं ती म्हणतेय, आणि तुलाही आता तसंच वाटायला लागलंय. बाई, बंद करू नका. त्याला त्रास गाण्याचा होत नाही, गाणं अडकत नाही याचा होतो.

सांगते. आमच्याकडच्या ‘छत्रीवाल्या’वर धूळ बसून बारीक खरखर यायला लागली होती. मी लॅबमध्ये हात बसलेली बाई, केसाएवढी चीर कवळीवर राहू द्यायची नाही. मनात आलं, कवळीला चकाकी आणायची पूड आहे ना, तिने ही तबकडी लख्ख करू. ती पूड म्हणजे दगड दळून केलेली, हे मला रोज माहीत असायचं, त्या दिवशी तेवढं नेमकं डोक्यात आलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. तबकडी खरंच आरशासारखी चमकली, आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, गिटार चढायला लागते त्या ऐन जागी, सुई अडकायला लागली. तीच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा, कुणी उठून सुई हलकेच पुढे सरकवेपर्यंत. मला वाटलं आता हा घर डोक्यावर घेणार. तो दोन दिवस हसत होता. लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून त्याने ती जागा ऐकवली. नवी आणू म्हटलं तर नको म्हणाला, अशी जगात दुसऱ्या कुणाकडे नाही म्हणे. नंतरची सहा वर्षं आम्ही ते गाणं तसंच ऐकलं. लेकीला हे आठवणार नाही. आम्ही वेगळे झालो तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि ही रेकॉर्ड लागली की कानांवर हात ठेवून पळायची. फोनवर गाणं सरळ पुढे निघून गेलं, त्याची थांबायची जागा आलीच नाही. रेल्वेत बसलेल्या माणसाचं स्टेशन गाडीने न थांबता मागे टाकावं, तसं झालं त्याचं.

तर तीच अडकणारी रेकॉर्ड लाव, असं म्हटलं असतं, पण ती त्या कपाटात नाही. माझ्याकडे आहे. वेगळं होताना आम्ही जमिनीवर बसून वाटणी केली होती, एक तू उचल, एक मी. पहिली पाळी माझी होती. ‘धुकं’ समोर होतं, तरी मी ‘छत्रीवाला’ उचलला, कारण त्याचा जीव त्यात होता आणि त्याला लागावं असं मला वाटत होतं. मग त्याने ‘धुकं’ उचललं. दोन वर्षांनी लेकीला सोडायला आला तेव्हा दारात उभं राहून त्याने ती फक्त एकदा ऐकायला मागितली. मी सांगितलं, फुटली. ती माझ्या मागच्याच फळीवर होती. वेगळं झाल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत खोटं बरंच बोलले असेन, पण एवढं एकच अजून बोचतं. शनिवारी लेकीबरोबर पाठवतेय, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून. परत करू नकोस, ती त्याचीच आहे.

एवढं सगळं तर चार ओळींत लिहून भागलं असतं. लांबण लावली, कारण पुढचं लिहायला धीर गोळा करत होते. सुई अडकली की उठायचं कोणी, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. प्लेअर माझ्या खुर्चीशेजारी असायचा. तो स्वयंपाकघरात असो की न्हाणीघरात, तिथूनच ओरडायचा, ‘बुटके!’ बस, एवढंच. मी उठून सुई सरकवायची. फोनवर गाणं लावलं त्या दिवशी त्याने ओठ मिटले ते ही हाक मारायला, असं मला अगदी खात्रीने वाटतं, पण गाणं थांबलं नाही, मग हाक कशाला मारायची? शनिवारी ते थांबेल. आणि माझा अंदाज बरोबर असेल तर चार महिन्यांनंतरचा त्याचा पहिला शब्द तुझं नाव नसेल, माझं असेल. चार महिने त्याला भरवलंस तू, रात्रंदिवस त्याची कूस बदललीस तू, आणि पहिली हाक मला. हे तुला तिथे उभं असताना, एकदम कळू नये, म्हणून हे पत्र. खरं सांगते, दोन दिवस मला मोह झाला होता की रेकॉर्ड घेऊन आपणच जावं, ती हाक कानांनी ऐकावी. माझी त्याच्यावर अजून माया आहे, ती लपवून काय करू? पण त्या हाकेत मी नाही गं. गाणं अडकलंय आणि ते पुढे न्यायला जवळ कुणीतरी आहे, एवढाच तिचा अर्थ होता, तेव्हाही आणि आताही. जवळ तू आहेस. तेव्हा हाक आली की लेकीकडे बघू नकोस, डोळे पुसत बसू नकोस. माझ्याहून चांगली वीतभर उंच आहेस, तरी ‘ओ’ दे, ऊठ, आणि सुई पुढे सरकव.

तुझीच,
थोरली