रविवारचं गाठोडं

३ जून
पोचले एकदाची. लिमाहून बसनं डोंगरातल्या या गावी यायला सतरा तास लागले, पण इथं ऊन लख्ख आहे आणि सातुर्निनाबाईंनी दारातच बटाट्याचं गरम सूप हातात दिलं. बरं वाटलं. त्यांच्या या घरात माणसं शेवटचे दिवस काढायला येतात. सध्या चौघं आहेत. आईचं मी दोन वर्षं केलं, ती मार्चमध्ये गेली. आता दुसरं काम सुचत नाही. बाईंचा नियम एकच. माणसानं विचारलं, तर मरण जवळ आलंय हे खरं सांगायचं. ज्याला सांगितलं नाही तो गेला तरी थांबून राहतो, म्हणाल्या. आईला मी शेवटपर्यंत 'रविवारी घरी नेते' म्हणत होते, हे मी बोलले नाही.

९ जून, मंगळवार
सिप्रियानो आजोबा माझ्याकडे आहेत. जन्मभर खेचरं हाकली. माझ्या चहाला नावं ठेवतात : लिमाच्या बायका साखर नवऱ्यापासून लपवून ठेवतात काय? आज मात्र हळूच विचारलं, पोरी, माझं आटोपलं का गं? मी फार दमले होते. म्हटलं, छे हो, रविवारी घरी नेते तुम्हाला. त्यांनी लगेच मला कपड्यांचं गाठोडं बांधायला लावलं.

१० जून
पहाटे गेले. हात गाठोड्यावर.

१५ जून
काल पाचवा दिवस. रिवाजाप्रमाणे त्यांचे कपडे नदीवर धुतले. गाठोडं मी दिलं नाही, माझ्या पलंगाखाली सारलं. कुणी बांधलं, असं बाईंनी विचारलं असतं. संध्याकाळी उंबऱ्याशी राख पसरली. सकाळी तिच्यात गेलेल्याची बाहेर जाणारी पावलं दिसायला हवीत. दिसली ती आत येणारी. बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, याला कुणी काय कबूल केलंय? मी झाडू घेतला.

१८ जून
गाठोडं रोज पलंगावर येतं. मी खाली ठेवते. झोप नाही. चहा ओतला की कुणीतरी कुरकुरतं — साखर.

२० जून
बाईंना सांगितलं. रागावल्या नाहीत. ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच खरं सांगायचं, म्हणाल्या. राख पुन्हा पसरली. रिकाम्या खाटेपाशी बसून म्हटलं, आजोबा, तुम्ही वारलात. मग हसू ऐकू आलं. एवढंच ना, मग उगाच बसवून ठेवलंस की गं.
राखेत पावलं बाहेर गेली.
पण आत येणारी आणखी आहेत. लहान. डावं फरफटलेलं. आईचा डावा पाय —

२१ जून
कालपासून ती माझ्या पलंगावर. बाई दारातून म्हणतात, बोल पोरी, बोलून टाक. तीनदा तोंड उघडलं. तिनं विचारलं, बरी होईन ना? — आणि मी — पुन्हा तेच — रविवारी घरी नेते —
आज रविवार.
ती गाठोडं बांधतेय. त्यात तिचे कपडे नाहीत. माझे —