अकरा चेनींची सॅक

माय, माझ्यावर झालेला अन्याय आधी ऐकून घे. मागच्या आठवड्यात भर दुपारी मी माझ्याच दारात पाव तास उभी होते आणि मला आत जाता येत नव्हतं, कारण मी नवी सॅक घेतलीय आणि तिला अकरा चेनी आहेत. घराची किल्ली त्यांतल्या कुठल्यातरी एकीत होती. एक चेन उघडायची, हात घालायचा, चाचपायचं, लावायची, मग पुढची. समोरच्या ओट्यावरचे दोन म्हातारे, मी दुसऱ्याचं घर फोडतेय अशा नजरेनं बघत होते. शेवटी एक म्हणाला, "बाई, कुलूप तोडू का?" दुसरा म्हणाला, "कुलूप कावून तोडता, बॅगच फाडा की." शेती सोसायटीच्या कचेरीत अख्ख्या गावाचे हरवलेले कागद शोधून देणारी बाई मी, आणि माझ्यावर ही वेळ. किल्ली नवव्या चेनीत निघाली.

खांद्यातून कळ निघते म्हणून डॉक्टरनं एका बाजूला पर्स लटकवायला बंदी केली, म्हणून बीडला जाऊन ही घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कचेरीला हीच, बाजाराला हीच, गावाला हीच. वॉटरप्रूफ हाय, थेंब आत जाणार न्हाई." मी म्हटलं, "थेंब कुठून आणायचा ते बी सांगा." तो हसला नाही. यंदा पाण्यावर कोणी हसत नाही. सॅक करड्या रंगाची आहे. पाठीला टेकते तिथं जाळीदार गादी, दोन रुंद पट्टे, छातीवर अडकवायचं एक बक्कल, दोन्ही बाजूंना बाटलीचे खिसे आणि तळाशी एका चोरकप्प्यात घडी घातलेलं नारिंगी टोपडं, पाऊस आला तर सॅकवर चढवायचं. दोन्ही बाटल्या भरायच्या तर मला टँकरची वाट बघावी लागते, आणि टोपडं मी एकदा उघडून, झटकून, परत होतं तसं ठेवलं. पण पाठीवर घेतली तेव्हा, खरं सांगते, कोणीतरी मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

घरी आणल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल? आत हात घातला. तुझ्या हातची पिशवी घेणारा प्रत्येक माणूस घालायचा तसा. हाताला कागदाचे बोळे लागले आणि तळाशी एक पांढरी पुडी. आत साबुदाण्यासारखे दाणे, वर लिहिलेलं: खाऊ नका. हे दाणे ओल शोषून घेतात म्हणे, सॅक कोरडी राहावी म्हणून. मला आधी हसू आलं. ओल पिणारी पुडी, आणि पाठवली कुठं, तर आमच्याकडं. मग हसू गेलं. तुझ्या पिशवीत दाण्यांची मूठ असायची तिथं आता ही पुडी आहे.

तुझं मशीन ओट्यावर लिंबाखाली असायचं. सोसायटीच्या गोडाऊनमधली युरियाची रिकामी पोती आणायची, धुवायची, उसवायची आणि त्यांच्या पिशव्या शिवायच्या, दोन बंदांच्या, पाठीवर टाकता येतील अशा. कारण ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या एका हातात कोयता असतो आणि दुसऱ्या हातात लेकरू. चांगल्या पावसाच्या साली दसरा झाला की मशीन सुरू व्हायचं आणि आठ दिवसांत थांबायचं. मी लहान होते त्या दुष्काळाच्या साली ते गणपतीतच वाजायला लागलं. लिंबागणेशहून प्रसाद घेऊन आलेली माणसं ओट्यासमोर थबकायची, ऐकायची आणि पुढं जायची. एक आजी मात्र थांबली. "मशीन जरा दमानं चालव गं. काळजात धडधड व्हती." तू मान वर न करता म्हणालीस, "मशीनचा आवाज न्हाई तो, आजी. गाव उसवतंय."

त्यात आणखी एक गंमत. गंमतच म्हणायची. पाऊस नाही म्हणून खत कोणी उचललं नव्हतं, खत उचललं नाही म्हणून पोती रिकामी झाली नव्हती. पिशव्या लागणारी माणसं मात्र दुप्पट. तू सेक्रेटरीपुढं जाऊन उभी राहिलीस, तर तो म्हणाला, "बाई, सभेनं पावसाअभावी चिंता व्यक्त केल्याचा ठराव एकमतानं मंजूर केलाय. पोत्याबद्दल काय ठरलं न्हाई." आता मी त्याच कचेरीत बसते. यंदाचा ठराव माझ्याच अक्षरात आहे. शब्द तेच आहेत.

त्या साली सगळ्यात शेवटची पिशवी भिंतीपलीकडच्या मावशीची होती. उंदरांनी कुरतडलेली दोन पोती जोडून केलेली, धुवायला पाणी नव्हतं म्हणून युरियाचा वास तसाच. मावशी आधी कधी तोडीला गेली नव्हती. शेळ्या होत्या तोवर भागत होतं, त्या साली शेळ्या गेल्या. रांगती लेक सासूकडं ठेवून ती नवऱ्यासंगं निघाली होती. ट्रॅक्टर वेशीत उभा होता. तू शेवटची टीप मारत मला म्हणालीस, "डब्यातली मूठभर जवारी टाक आन् दे तिला."

ही तुझी रीत साऱ्या गावाला ठाऊक होती. बाईला रिकाम्या ओटीनं वाटेला लावत नाहीत, मग पिशवी रिकामी कशी द्यायची, असं तुझं म्हणणं. घेणारा आत हात घालायचा, मूठ बाहेर काढून कपाळाला लावायचा आणि दाणे पदराला बांधायचा. परत येताना त्यातला एक तरी दाणा सोबत यावा, म्हणजे माणूस आला.

मी आत गेले. डबा उघडला. तळाला ज्वारी होती, ती संध्याकाळच्या भाकरीची, त्याहून जास्त नाही. मी दहा वर्षांची होते आणि मला भूक लागली होती. मी डब्याचं झाकण लावलं. जरा जोरात लावलं, तुला आवाज यावा म्हणून. आणि पिशवी तशीच नेऊन मावशीच्या हातात दिली.

मावशीनं आत हात घातला. तिचा हात तळाशी पोचला, इकडून तिकडं फिरला आणि थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मूठ घट्ट मिटून बाहेर काढली, तुला दिसेल अशी उंच धरली आणि कपाळाला लावली. रिकामी मूठ, माय. तिनं ती पदरालासुद्धा बांधली. गाठ मारताना मला म्हणाली, "लई वाळलीस गं तू." आणि गेली.

चैत्रात ट्रॅक्टर परत आला. मावशीचा नवरा उतरला, ती उतरली नाही. ताप आला होता म्हणाला, तिकडंच बांधावर उरकलं. पिशवी त्यानं आणली होती. तू ती पिशवी हातात घेऊन किती वेळ बसलीस. मग म्हणालीस, "मी मूठ घातली व्हती की." कोणाला म्हणालीस कोण जाणे. मी शेजारीच उभी होते. "तोंडाला चेन लावीन तुझ्या" असं तू मला दिवसातून चारदा म्हणायचीस. त्या दिवशी ती आपोआप लागली.

पुढच्या सालापासून तू पिशव्या रिकाम्या द्यायला लागलीस. डबा भरलेला असायचा तरी. माणसं सवयीनं हात घालायची आणि तसाच बाहेर काढायची. एकानं विचारलंच, "माय, यंदा मूठ न्हाई?" तू म्हणालीस, "मुठीनं काय व्हतंय." त्यानंतर कितीतरी सालं तू मशीन चालवलंस, पण त्या मुठीवरचा तुझा विश्वास मी काढून घेतला होता आणि तुला ते माहीतच नव्हतं. मला मुठीबिठी खऱ्या वाटत नाहीत. मी सगळ्याला हसते, तुला ठाऊक आहे. ह्याला मात्र हसायचं मला कधी जमलं नाही.

यंदा मशीन गप्प आहे, तरी ऐकू येतं. चौसाळ्याच्या दुकानांपुढं पिशव्यांच्या माळा आत्ताच लटकल्यात, आणि हायवेच्या कडेला ट्रॅक्टर तोंडं वळवून उभे आहेत. दसरा अजून लांब आहे. काल सकाळी मावशीची लेक आली. ती रांगती, आता चाळिशीची. दारातूनच म्हणाली, "अक्का, मायचं मशीन चालतंय का गं?"

"न्हाई. आन् चालवणारी बी न्हाई. कावून?"

"उद्या निघायचंय. पयल्यांदाच. शेळ्या देऊन टाकल्या, त्यांना पाजू काय? बाजारातल्या पिशव्या वाटंतच फाटत्यात म्हणं."

तिचे डोळे आईसारखे आहेत. मी आत गेले, सॅकमधले कागद, डबा, चष्मा काढला. ती पांढरी पुडी फेकून दिली. ज्वारीच्या डब्यातून दोन मुठी ज्वारी घेतली, मोठ्या कप्प्यात टाकली आणि सॅक तिच्यापुढं धरली. "ही घेऊन जा. मला ह्या चेनी झेपत न्हाईत. किल्ली सापडत न्हाई."

"आगं, नवी कोरी हाय की!"

"नवी हाय म्हणून तर तरास. जुनी असती तर सवय झाली असती."

ती हसली. टोपडं ओढून बघितलं. "हे काय?" "पावसाचं." "उशाला व्हईल," ती म्हणाली. मग तिनं मोठी चेन उघडून आत हात घातला. तिला रीत ठाऊक नाही, तिला कोणी सांगितली असणार? हात थांबला. मूठ बाहेर आली, उघडली. "अक्का, हितं जवारी सांडलीय तुझी."

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "काढू नको."

तिनं माझ्याकडं बघितलं, दाणे परत आत सोडले, चेन लावली. जाताना तिच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली, "चैत्रात घेईन."

आज पहाटे ट्रॅक्टर गेला. किल्ली मशीनवरच्या खिळ्याला लावलीय. हा कागद मी मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवतेय. तुझी मूठ खोटी ठरली नव्हती, माय. ती पिशवीत पडलीच नव्हती. बाकीचं चैत्रात कळेल.

आणि चेनींचा मला काही त्रास नव्हता. किल्ली नवव्या चेनीत, हे दुसऱ्याच दिवशी पाठ झालं होतं. सॅक चांगली होती. खांदा दुखायचा थांबला होता.