मनीषाचे लग्न टीव्हीवर पाहण्याची सोय

जबलपूर, रविवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०२१. सकाळी, बैठकीच्या खोलीत.

सौ. लीलास,

तू विहारातून परत येशील तेव्हा मी घरी नसेन. मनीषाचे लग्न पुण्याहून थेट दिसावे म्हणून संगणक टीव्हीला जोडून ठेवला आहे. प्रथम केबल संगणकामागच्या वरच्या खाचेत लावली, तेव्हा पडदा काळाच राहिला. चित्र देणारे कार्ड खालच्या बाजूस आहे. तेथे लावताच चित्र उमटले. आपल्या श्रीरंगने फोनवर हेच सांगितले होते आणि मी त्याच्याशी वाद घातला होता. हे त्याला कळवण्याचे कारण नाही.

कॅमेरा टीव्हीवर बसवला आहे, अन्यथा मनीषाला तुझा केवळ कान दिसला असता. त्यात दोन खुर्च्या येतात. दुसरीवर शेजारच्या शेवंताबाईंना बसव, ती रिकामी दिसू नये. मनीषाने विचारलेच, तर मी रिछाईला गुलाबरावांच्या कारखान्यात गेलो आहे असे सांग. रविवारी तो बंद असतो हे तिला ठाऊक आहे, तरीही सांग.

बापाला न विचारता ठरलेल्या लग्नास मी उपस्थित राहणार नाही, हे माझे म्हणणे कायम आहे. दारापर्यंत जाऊन पुन्हा पुन्हा परतलो, ते केवळ केबल तपासण्यासाठी. शेवंताबाईंचा रत्नाकर टीव्ही पुढे ओढायला आला होता. माझी बाजू मी त्याला सविस्तर समजावून सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाला, "काका, पोरगी तिकडे तुमची वाट पाहून राहिली अन् तुम्ही इकडे पळून राहिले. हे काही बरोबर नाही."