आईच्या नावाचं घाऊक कार्ड

मी, स्वप्नाली साहेबराव तौर, वय अठरा पूर्ण, शाळा नववीपर्यंत, राहणार केसरबाईंचा गाळा, मेदनकरवाडी, चाकण, आज शुद्धीत बसून स्वतःच्या हातानं हे लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलीय ती हृदयाची झडप, लहानपणच्या तापानं. परवा मंगळवारी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ती बदलणार आहेत. मला कोणी धमकावलं नाही, कोणी फूस लावली नाही. कसं लिहायचं तेवढं सोपानकाकांनी सांगितलं. ते झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज लिहून देतात.

"पोरी, तुझ्याकडं द्यायला आहे तरी काय?" काका म्हणाले. मला तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून तर लिहिते.

कलम १. हा कागद मी मरायची वाट बघत ठेवायचा नाही. मंगळवारी मला आत नेऊन दार लावलं की काकांनी तो बाबांच्या हातात द्यायचा. बाबांनी बाहेरच्या बाकावर बसून तो आईला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आईला जोडाक्षरं लागत नाहीत. मधलं काही गाळायचं नाही. काका म्हणाले, "अगं, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." मग वरती दुसरं नाव घाला काका, पण वाचायचं मंगळवारीच.

कलम २. बँकेत माझे अकरा हजार चारशे रुपये आहेत. ते आईचे. आधी चष्मा, मग गुडघ्याचं औषध. कानातलेही आईचे. माझा फोन बाबांना. त्यात आईचा नंबर "आई" असा आहे. बाबांच्या फोनात तो नाही. मी बघितलंय.

कलम ३. आमच्या दुकानातलं उरलेलं सामान. आम्ही शटरच्या आतच राहतो. पुढं दुकान होतं, मागं आम्ही होतो. आता पुढं पण आम्हीच. डाळीच्या फळीवर माझे कपडे, साबणाच्या फळीवर देव. ह्यातला वजनकाटा केसरबाईंना द्यावा. त्या आमच्या घरमालकीण. त्यांच्या पाच खोल्या मिळून तेलाचा डबा आणि साखरेचं पोतं बाजारातल्या घाऊक दुकानातून आणतात आणि ओट्यावर बसून वाटून घेतात. त्यांना मापाची गरज आहे, कारण दर वेळी भांडण होतं.

कलम ४. सुमेधा मॅडमना एक उत्तर द्यायचं राहिलंय. मॅडम समोरच्या सोसायटीत राहतात. शाळा सोडल्यापासून मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला जाते. एकदा रव्यातल्या अळ्या निवडताना त्यांनी विचारलं, "स्वप्नाली, खरं सांग हं, एवढं घाऊक आणून आपलं वाचतं का गं?" मी म्हटलं, "हो मॅडम."

खोटं बोलले. मॅडम, तुमचं वाचत नाही. घरात तुम्ही अडीच माणसं. तेल, साबण, कपड्याची पावडर ह्यात वाचतं, कारण ते टिकतं. पण पाच किलोचा रवा तुमच्याच्यानं संपत नाही. सॉसच्या तीन बाटल्यांवर एक फुकट म्हणून चार आणल्या, दोन मी ओतून दिल्या. मोठी बरणी दिसली की आपण मोठा चमचा घालतो, ते पण बघितलंय. गाडीचं पेट्रोल तुम्ही कधी धरतच नाही. आणि जे घ्यायचंच नव्हतं ते स्वस्तात मिळालं तर त्याला वाचवलं म्हणत नाहीत. केसरबाई म्हणतात तेच खरं. "वाटून घेतलं तर परवडतंय. न्हाईतर दुकानदाराचं गोदाम आपल्या घरात."

माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही माझ्याशी चांगल्याच वागलात. फ्रिजवर यादी लावून ठेवलीय, काय घाऊक आणायचं आणि काय कोपऱ्यावरून. कोपऱ्यावर आता दुकान नाही, ते पुढच्या कलमात.

कलम ५. घाऊक दुकानाचं, आईच्या नावाचं कार्ड. हे माझ्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात आहे. ते बाबांना द्यावं.

हायवेवरच्या घाऊक दुकानात आत सोडायला कार्ड लागतं, आणि कार्ड मिळायला दुकान लागतं. तौर किराणाची दोन कार्डं होती. एक बाबांचं, एक आईचं. बाबा तिथून माल आणायचे आणि थोडं वर लावून विकायचे. त्या थोड्यावर आम्ही जगायचो.

मी आठवीत असताना एका दुपारी सुमेधा मॅडम दुकानात आल्या. आई नळावर, बाबा मालाला गेलेले. मॅडम म्हणाल्या, "अगं बाळा, आमच्या निमिषचं बारसं आहे. तुमचं ते कार्ड एक दिवस देशील? लगेच परत करते." मला "बाबांना विचारते" एवढंच म्हणायचं होतं. ते पण तोंडातून निघालं नाही. गल्ल्यातून आईचं कार्ड काढलं आणि दिलं.

त्यांनी ते परत केलं, चॉकलेट पण दिलं. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या मजल्यावरची दुसरी बाई आली, मग तिसरी, मग आमच्याच गल्लीतले. मला एकालाही नाही म्हणता आलं नाही. आमचीच गिऱ्हाइकं आमच्याच कार्डावर आमच्याच भावात माल आणायला लागली. बाबा म्हणायचे, "हल्ली लोक खायचे बंद झाले की काय?"

मग एक दिवस बाबा तिथं पोत्यासाठी रांगेत उभे होते. पुढं सुमेधा मॅडम, गाडा भरलेला. काउंटरवरच्या मुलानं कार्ड बघून विचारलं, "तौर किराणा?" मॅडम म्हणाल्या, "हो." त्या दिवशी बाबा साखरेचं पोतं न घेता घरी आले.

कार्डावर आईचा फोटो. बाबांनी तिलाच विचारलं, "तू दिलंस?" मी फळीखाली उभी होते, ओठ निळे पडले होते. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हो. मीच दिलं. काय करणार हायेस?"

बाबांनी काहीच केलं नाही. तिच्याशी बोलणं बंद केलं. वर्षभरात शटर खाली आलं. बाबा ठेकेदाराकडं माल चढवायला जायला लागले. माझी शाळा सुटली.

बाबा, कार्ड मी दिलं होतं. पहिल्यांदा पण मी, आणि नंतर प्रत्येक वेळी पण मीच. आईला त्या दिवसापर्यंत काहीच माहीत नव्हतं. तो दोष चार वर्षं तिच्या नावावर आहे. आजपासून तो माझ्या नावावर करावा.

कलम ६. राहिलेले निरोप. चार वर्षं एका खोलीत ह्या दोघांचं बोलणं मी पोचवते. "तुझ्या आईला सांग, मीठ कमी झालंय." "तुझ्या बाबांना सांग, जीभ आखडली नसंल तर स्वतः सांगा." ते दोघं तीन फुटांवर बसलेले असतात. मरायची भीती वाटते मला, नाही असं नाही. पण जास्त भीती ही आहे की मी गेले तर ह्यांचे निरोप कोण नेणार.

काही निरोप मी मऊ करून दिले. त्याची माफी असावी. दोन दिलेच नाहीत. ते आता देते.

आईचा बाबांना. मागच्या दिवाळीला ती म्हणाली, "त्यांना विचार, पाठ लई दुखायली का. रात्री कण्हत असतात. मला विचारता येत न्हाई." तिचा आवाज फार हळू होता, तेवढ्या हळू आवाजात मला सांगता आलं नसतं.

बाबांचा आईला. दोन वर्षं झाली. आपण आळंदीहून बसनं येत होतो, आई पुढच्या सीटवर होती. बाबा म्हणाले, "तुझ्या आईला सांग, एकदा फक्त चुकलं म्हण. एकदाच. मग मी सगळं सोडून देतो." मी उठून पुढं गेले आणि नुसतीच तिच्याशेजारी बसले. कारण मी सांगितलं असतं तर तिनं म्हटलं असतं. माझ्यासाठी तिनं ते पण म्हटलं असतं.

तर बाबा, त्या निरोपाचं उत्तर. चुकलं. माझं चुकलं.

कलम ७. मी दारातून परत बाहेर आले तर कलम दोन आणि तीन रद्द समजावं, आणि चार, पाच, सहा तशीच राहावीत. आले नाही तर माझ्यामागं निरोप्या कोणी ठेवू नये. मीठ कमी असेल तर बाबांनी आईला सांगायचं.

अवघड नाही बाबा. इथपर्यंत वाचलं असेल तर मघापासून तुम्ही तिच्याशीच बोलताय.

हे मी पुन्हा वाचून, समजून, दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना सही केली.

स्वप्नाली साहेबराव तौर

साक्षीदार:
१. सोपानराव बाजीराव कड, अर्जलेखक, चाकण. (मुलगी शुद्धीत आहे. माझ्यापेक्षा जास्त.)
२. अपेक्षा दत्तात्रय वाव्हळ, स्वप्नालीची मैत्रीण, पॅकिंग विभाग, महाळुंगे. (साक्षीदाराला काही मिळत नाही असं काका म्हणाले. हिचं निळं स्वेटर मला हवं होतं. तरी सही केली. ते तिनंच घालावं.)

ठिकाण: मेदनकरवाडी, चाकण
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार