चपलेविना पाऊल

ती. आईस, कोमलचा नमस्कार.

१. अण्णांच्या कापलेल्या पायाला दिलंय, तसंच थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं कृत्रिम पाऊल इथे प्रयोगशाळेत चाचणीच्या मशीनवर चालवलं.
२. बूट घालून टिकलं.
३. बुटाशिवाय टाचेत चिरलं.

तू म्हणाली होतीस, "घरात चपला घालून कोण हिंडतंय, बाई?" इथे आमच्यापैकी कुणी हे हिशेबात धरलंच नव्हतं.

मी बरी आहे. हळद वसमतच्या बाजारात गेली का?

मशीनवर माणूस नसतो, नुसतं पाऊल चालतं. आवाज मात्र अण्णांच्या चालीचा येतो. मी वळून बघते.

ते पाऊल त्यांना घालू देऊ नकोस, रागावले तरी. कुबड्या दे. फोनवर ते "व्हय, व्हय" म्हणून ठेवतात, म्हणून तुला लिहिते. पाऊल काढून ठेवलं, एवढं शनिवारपर्यंत मला कळव.

तुझी कोमल