त्रास घरी गेलाय

तीर्थरूप बाबांना,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उजेडाची आहे, आणि शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका मला सांभाळून घेतात. आईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही वेळेवर जेवता ना? आई फोनवर म्हणाली, आजोबा गेल्यापासून तुम्ही घरात फारसं बोलतच नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना आजोबांचा दवाखान्यातला किस्सा सांगितला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "आजोबा, त्रास कसला होतोय?" आजोबा म्हणाले, "त्रास आत्ताच घरी गेलाय. संध्याकाळी डबा घेऊन येईल." आणि तुम्ही विसरलेला चष्मा न्यायला परत आला होतात, दारातच उभे! हसून हसून तुम्ही तिथेच खाली बसलात.

सगळ्या खो खो हसल्या. आमच्या सुपरवायझरबाई कधी हसत नाहीत, पण त्याही हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आता तुझे बाबा संध्याकाळी काय करतात गं?"

तेव्हापासून कशात म्हणून जीव लागत नाही. आज दोनदा बाही उलटी जोडली. शेवटी उठले आणि रजा मागितली. बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही, लगेच दिली.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. आईला एवढ्यात सांगू नका, ती सगळं घर घासायला काढेल. तुम्ही मात्र मला घ्यायला स्टँडवर या. आजोबांच्या रिकाम्या कॉटसमोर एकटीने जायचा मला धीर होत नाही.

तुमचीच,
धाकटी